तुळजाक्काचं जवस

जवसाला कुणी बैलाचं खाणं म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. माझ्या सुना म्हणतात, "एवढंसं बी ते, त्यावरून काय भांडायचं?" भांडायचंच! तुम्ही तुळजाक्काला पाहिलं नाही, म्हणून असं बोलता.

आमच्या कुंभकोणात जवस पिकत नाही. इथं कावेरीचं पाणी आणि भात, भात आणि कावेरीचं पाणी. जवस यायचं ते वरच्या मुलखातून, गोणीत भरून, आणि चेट्टीच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात पडून राहायचं. रंगवाले तेलासाठी न्यायचे, गाडीवाले दुखणाईत बैलासाठी न्यायचे, सरकारी दवाखान्यातले लोक गळवावर पोटीस बांधायला न्यायचे. माणसानं ते खायचं असतं, हे अख्ख्या गावात एकाच बाईला मान्य होतं. आणि ती बाई आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून राहायची.

साहेबानं तंजावरचं राज्य खालसा केलं तेव्हा तुळजाक्का राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला होती. खेळण्याच्या वयात लग्न, आणि नवऱ्याचं तोंड धड पाहण्याआधीच कपाळ पांढरं. कुणा नातलगानं राणीसाहेबांच्या स्वयंपाकात लावून दिली. तिथं देशावरून आलेली एक म्हातारी आचारीण होती, तिनं हिला जवसाची चटणी शिकवली. पुढं वाड्याला कुलपं लागली, माणसं दाही दिशांना पांगली, आणि ही कुंभकोणास भाच्याकडे आली. भाचा रामराव कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, मावशीला जरा भिऊनच असायचा.

"साहेबानं हत्ती नेले, जवाहीर नेलं, गादी नेली," तुळजाक्का म्हणायची, "जवस काही नेलं नाही. त्या मेल्याला कळलंच नाही चांगलं काय ते."

मी लग्न होऊन आले तेव्हा ती साठीला टेकली होती. उंच, काठीसारखी ताठ, डोक्यावरून आलवण, पायांत काही नाही. दर संकष्टीस ती तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकाच्या दर्शनास चालत जायची आणि चालतच परत यायची. आम्ही तरण्याताठ्या बाया गाडीत बसून जायचो आणि घरी येऊन "कंबर गेली गं बाई" म्हणून आडव्या व्हायचो. ती मात्र आली की पाय धुवायची आणि कढई चुलीवर ठेवायची. जवस भाजायचं तिचं एक तंत्र होतं. मंद आच, लोखंडी कढई, आणि हात थांबायचा नाही. बी तडतडायला लागलं की सगळ्यांना गप्प बसवायची. "ऐका," म्हणायची, "तडतड कमी झाली की उतरवायचं. बोलत बसाल तर करपेल, आणि करपलं की कडू." मग सुकी मिरची, जिरं, तीळ, खोबरं, चिंचेचं बोटुक, मीठ, आणि खलबत्ता. विधवेला लसूण चालत नाही, म्हणून लसूण नाही. ती चटणी भातावर घेऊन वर कच्चं तेल सोडलं की दुसरं काही नको वाटायचं. मी खोटं सांगत नाही, तोंडाला पाणी सुटलं आत्तासुद्धा.

कुंभकोणाचं पान प्रसिद्ध. जेवण झालं की आम्ही सवाष्णी विडा करायचो. तुळजाक्काला विडा वर्ज्य. पण तिच्याकडे एक पितळी डबी होती, तिच्यात भाजलेलं जवस. आमचे विडे होईपर्यंत ती डबी उघडायची आणि दाण्या-दाण्यानं चावत बसायची, असा काही तोरा चेहऱ्यावर की आम्हांस आमचा विडा कमी वाटायचा.

चेट्टीच्या दुकानात ती स्वतः जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा तो हसून पुसता झाला, "माट्टुक्का, मनुषाळुक्का?" बैलासाठी की माणसासाठी? (देशावरचे लोक आमच्या या "पुसण्या"ला हसतात. हसोत. आम्ही जुनं ते जपलंय.) तुळजाक्का त्याच्याच भाषेत म्हणाली, "बैलासाठीच. माझ्या घरी एक म्हातारी आहे, दिवसभर बैलासारखी राबते. चांगलं निवडलेलं दे, खडे असले तर तुझ्या दातांनी फोडून घेईन." दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. त्या दिवसापासून गावातली पोरंटोरं तिला "आळिविदै पाट्टी" म्हणायला लागली, म्हणजे जवसवाली आजी. तिला त्याचं काही वाटलं नाही. हाक मारली की वळून बघायची.

एकदा श्राद्धाला शास्त्रीबुवा आले होते रामरावाकडे. जेवून ओटीवर बसले आणि आतून येणारा खमंग वास त्यांच्या नाकात गेला. तुळजाक्का आपली चटणी कुटत होती. बुवांना आपली विद्वत्ता आठवली. म्हणाले, "बाई, विधवेनं एकभुक्त राहावं, देह सुकवावा. असलं बळ आणणारं खाऊन काय करायचंय आता?"

खलबत्त्याचा आवाज थांबला. तुळजाक्का दारात आली. पदर डोक्यावर, नजर खाली, रीत अगदी पाळलेली. पण जीभ कुठं ऐकते?

"देह सुकवायचाच होता तर देवानं लाकूड द्यायचं होतं, बुवा. देह कशाला दिला? आणि मी एकदाच जेवते. एकदाच जेवणाऱ्यानं काय जेवायचं, ते तीनदा जेवणाऱ्यानं सांगू नये."

रामरावाचा चेहरा असा झाला की विचारू नका. बुवा दक्षिणा घेऊन निघाले ते पायांत चपला उलट्या घालून. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होते.

माझ्या सासूबाईंना, अत्याबाईंना, तिचं हे काही पटायचं नाही. दोघी एका वयाच्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या, आणि एकमेकींवाचून करमत नसलेल्या. अत्याबाई सोवळ्याच्या फार कडक. बाईनं रीत सोडली की घर बुडतं, हे त्यांचं ठाम मत. जवसाला "बैलाचं खाणं" हे नाव गावानं दिलं, पण ते चालवलं अत्याबाईंनी.

आणि गंमत ऐका. मामंजींच्या पाठीला मोठं गळू झालं. सरकारी दवाखान्यातला ड्रेसर आला, पाठ दाबून पाहिली, म्हणाला जवस वाटून, शिजवून, गरम गरम पोटीस बांधा. आता झाली का पंचाईत? अत्याबाई तोंड एवढंसं करून मधल्या भिंतीशी गेल्या.

"तुळजे, वाटीभर जवस दे."

"का गं? बैल आजारी आहे?"

"चेष्टा पुरे. ह्यांच्या पाठीला लावायचंय. दवाखान्यानं सांगितलंय."

"अस्सं! मी सांगितलं की बैलाचं खाणं, आणि सरकारनं सांगितलं की औषध. घे बाई, घे. पण वाटीभर पाठीला आणि चमचाभर पोटाला, असं असेल तर देते."

मामंजींचं गळू फुटलं, निचरा झाला. पण त्यांना पोटातल्या चमच्याचाच जास्त गुण आला. वर्षानुवर्षं सकाळी परसातून कण्हत येणारे मामंजी गुणगुणत यायला लागले. पुढं ते अत्याबाईंच्या चोरून भिंतीवरून चटणीची वाटी घ्यायचे. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, अत्याबाईंनाही असावं.

तुळजाक्का जवस काही कुणाच्या गळ्यात मारत नसे. पण कुणाचं पोट साफ नाही, कुणाचे सांधे धरलेत, कुणाची कातडी कोरडी पडलीय, हे तिच्या नजरेतून सुटायचं नाही. कुटलेलं चमचाभर, भाताबरोबर, रोज, एवढंच तिचं सांगणं. "मुठी भरभरून खाल तर मला शिव्या द्याल," असंही बजावायची. काहींना गुण आला, काहींना नाही आला. नाही आला त्यांना ती म्हणायची, "मग नका खाऊ. मला काय दुकान घालायचंय?"

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं सांगत बसले.

माझी धाकटी जाऊ यमुना बाळंत झाली. पहिलटकरीण, अंगानं किरकोळ, मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीचं पथ्य फार कडक होतं. अंधारी खोली, वेखंडाची धुरी, मऊ भात, औषधी लेह्य, आणि पाणी जवळजवळ नाही. दिवसाकाठी कोमट पाण्याचे दोन-चार घोट, तेही ओठ ओले करण्यापुरते. पाणी प्यालं की बाळंतिणीचं पोट सुटतं, वात धरतो, असं म्हणायचे. अत्याबाईंना तर त्याची दहशतच होती. त्यांची थोरली लेक बाळंतपणात तापानं गेली होती, आणि शेवटच्या दिवशी ती तांब्याभर पाणी प्याली होती. पाण्यानंच गेली, असं त्यांनी मनात घट्ट धरलं होतं. त्यांना दोष कसा देऊ? आईचं काळीज ते.

यमुनेला बाळंतपणापासून परसाकडे झालं नव्हतं. पोट कडक झालेलं, कळा येत होत्या, भूक मेली होती. बाळाला दूध पुरेना. मी भिंतीशी तुळजाक्काला सांगितलं. ती आत गेली, जवस कुटून, गुळातुपात घोळून लाडूएवढा गोळा आणून दिला. "सकाळ-संध्याकाळ यातला थोडा दे. कुणाला सांगू नकोस. तुझी सासू ओरडेल."

मी दिला. मला काय ठाऊक? तिनं दिलं ते मी दिलं.

दोन दिवसांत यमुनेचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. खाल्लेलं उलटून पडायला लागलं. ती पोटाशी पाय घेऊन कण्हायची आणि बाळ रडायचं. अत्याबाईंना उरलेला गोळा सापडला. त्या तशाच रस्त्यावर गेल्या आणि तुळजाक्काच्या दारासमोर उभं राहून ओरडल्या, "बाहेर ये तुळजे! बैलाचं खाणं माझ्या सुनेला घातलंस! एक लेक गेली माझी, आता सून घालवतेस?"

आळीतले लोक ओट्यांवर आले. रामराव आत पळाला. तुळजाक्का बाहेर आली. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिनं अत्याबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून पुसलं, "ती पाणी किती पिते?"

मी म्हटलं, "बाळंतीण पाणी पिते होय, तुळजाक्का? ओठ ओले करतो फक्त."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. जवस पोटात गेलं की पाणी ओढून फुगतं. वरून पाणी असलं तर ते बुळबुळीत होऊन सगळं पुढं सरकवतं. पाणीच नसलं तर तिथंच गच्च बसतं, बोळा बसावा तसं. हे तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते बाळंतिणीच्या खोलीचं. कसं असणार? स्वतः कधी बाळंत झाली नाही. विधवेची सावली पडू नये म्हणून जन्मात कुणी तिला त्या खोलीच्या उंबऱ्याशी उभं केलं नाही. गावातल्या शेंबड्या पोरीला जे कळतं, ते या बाईला कळू दिलंच नव्हतं कुणी.

"चूक माझी," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे, जवसाची नाही. थांब, आलेच."

ती आत गेली, चुलीवरचं गरम पाणी पितळी सुरईसारख्या कूज्यात भरलं, झाकण लावलं आणि आमच्या घराकडे निघाली. पुढच्या दारानं! जन्मात कधी ती आमच्या पुढच्या दारानं आली नव्हती, परसातल्या भिंतीच्या खिंडारातून मागूनच यायची. अत्याबाई धावत पुढं झाल्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"तू आत यायचं नाहीस! तुझी सावली पडेल पोरीवर."

"पडू दे. तिला ऊन नकोय, पाणी हवंय."

"पाणी प्याली की मरेल ती! माझी चंपा तशीच गेली!"

तुळजाक्काचा आवाज तेव्हा जरा उतरला. "चंपा तापानं गेली गं. ताप आला म्हणून तिला तहान लागली. तू उलटं धरून बसलीस इतकी वर्षं, आणि स्वतःला खात बसलीस. सरक. ही पोर गेली तर मी कावेरीत उडी टाकीन, तुझ्या डोळ्यांदेखत. पण आधी हिला पाणी पाजू दे."

आतून यमुनेचा आवाज आला, अगदी बारीक. "अत्याबाई, पाणी."

अत्याबाईंचे हात खाली आले. त्या बाजूला झाल्या म्हणावं तर झाल्या नाहीत, पण तुळजाक्का त्यांच्या खांद्याला खांदा घासून आत गेली.

दुपारभर ती तिथं बसली. घोट घोट करून पाणी पाजलं, घाई केली नाही. एरंडेल कोमट करून पोटावर उजवीकडून डावीकडे हात फिरवत राहिली. यमुना ओरडायची, तुळजाक्का म्हणायची, "ओरड, जोरात ओरड, या घरात बाईला ओरडायची सोय तरी आहे." मी बाहेर कूजा भरून देत होते. खरं सांगते, मला वाटत होतं यमुना जाते. दिवेलागणीस ती उठली, माझ्या खांद्यावर भार टाकून परसात गेली, आणि परत आली ती रडत, हसत. मग पहिल्यांदा तिनं पोटभर पेज मागितली.

तुळजाक्का कूजा घेऊन निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता जवस बंद करू नका. पाणी बंद करू नका म्हणजे झालं."

झालं! सुटलं सगळं असं वाटलं ना? छे. शास्त्रीबुवा दुसऱ्याच दिवशी हजर. विधवा बाळंतिणीच्या खोलीत शिरली, प्रायश्चित्त घ्या, पंचगव्य घ्या, ब्राह्मण जेवू घाला. रामराव हात जोडून मावशीपुढं उभा. "मावशी, घ्या एवढं. लोकांत राहायचंय आपल्याला."

"कशाचं प्रायश्चित्त?" ती म्हणाली. "पोरीला पाण्यावाचून जवस दिलं, त्याचं सांगा, घेते. आत गेले त्याचं नाही घेणार. मी मेले तरी नाही घेणार. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन."

नाही घेतलं. आळीनं तिच्याशी बोलणं टाकलं. अत्याबाईंनीही टाकलं. मधल्या भिंतीवरून वाटी गेली नाही की आली नाही. मामंजी परत कण्हायला लागले.

बारशाचा दिवस आला. सुवासिनी जमल्या, पाळणा सजला, शेवया झाल्या, पंगतीला केळीची पानं मांडली. तुळजाक्काला अर्थातच बोलावणं नव्हतं. ती आपल्या परसात बसली होती. मी मागच्या दारातून पाहिलं, सुपात जवस पाखडत होती, मान खाली.

पाळण्यात घालायच्या वेळेस यमुना उठली. बाळ छातीशी, अंगावर दारासुरमचं नवं लुगडं. आम्हांस वाटलं, पाळण्याकडे येतेय. ती पाळण्यावरून पुढं गेली. स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं, परसातून, मधल्या भिंतीच्या खिंडारातून पलीकडे. बायका "अगं, अगं" करत मागं. कुणाला काही कळायच्या आत तिनं तुळजाक्काच्या मांडीवरचं सूप बाजूला केलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"आधी तुम्ही," यमुना म्हणाली. "मग पाळणा."

तुळजाक्का ओरडली. खरंच ओरडली. "घे! घे हिला! अगं मला धरता येत नाही, पडेल माझ्या हातून! कुठं धरतात हे?"

साठी उलटलेल्या बाईला बाळ कसं धरतात ते ठाऊक नव्हतं. दोन्ही हात पसरून, अंग आखडून, श्वास रोखून बसली होती. शास्त्रीबुवांना गप्प करणारी बाई, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाळाची मान लोंबायला लागली. आम्ही सगळ्याजणी भिंतीशी थिजून उभ्या. पुढं कुणी जावं? सगळ्या अत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

अत्याबाई बायकांना ढकलून पुढं आल्या. खिंडारात थांबल्या. पलीकडे पाय टाकला नाही.

"मानेखाली हात घाल, तुळजे," त्या म्हणाल्या. "मानेखाली."

"मला शिकवू नकोस," तुळजाक्का म्हणाली, आणि तिनं मानेखाली हात घातला.